हाकेला ओ

१

आमच्या दुकानातून वाद्य बाहेर पडतं ते आमचा श्वास घेऊनच. ही जाहिरात नाही, पद्धत आहे. आजोबांनी घातली, वडिलांनी पाळली, आणि मी तर तिला पार कळसाला नेलं असं म्हटलं तरी कोणाची हरकत नसावी. कॉर्नेट असो, ट्रम्पेट असो, की एकट्या माणसाला उचलताना धाप लागेल असला जाडजूड भोंगा असो. पोचे काढून झाले, डाख बसला, दट्टे तेल पिऊन सरसर चालू लागले, की मालक स्वतः ते तोंडाला लावतो आणि तीन सूर काढतो. दोन आखूड, एक लांब. याला आमच्या घरात ‘हाक’ म्हणतात. हाक सरळ गेली तर वाद्य बरं झालं. कुठे अडखळली तर पुन्हा टेबलावर.

हल्ली काही जण पंपाने हवा भरून गळती शोधतात. सायकलच्या ट्यूबला ते ठीक आहे.

तोंडाला लावण्याआधी मी माउथपीस स्पिरिटने लख्ख पुसतो, कारण गिऱ्हाईक काय खाऊन येईल त्याचा भरवसा नाही. हाक मारून झाल्यावर मात्र पुसायचं नाही. वडील म्हणायचे, शेवटचा श्वास आपला राहू दे आत, म्हणजे त्याचा पहिला सूर आपल्या श्वासाच्या खांद्यावर बसून निघेल. आणि श्वासाचं म्हणाल तर आमच्या घराण्याची छाती शहरात प्रसिद्ध आहे. मला साधं पडसं झालेलं कोणी पाहिलेलं नाही. गल्लीत सगळे शिंकत असतात तेव्हा मी दारात उभा राहून त्यांची गंमत बघतो.

एवढ्या मोठ्या छातीच्या घरात एकच लेक जन्मली, आणि तीही बेसूर. लहानपणी मी तिच्या तोंडाला छोटा कॉर्नेट लावायचो. ती फुंकायची, सूर तिसरीकडेच जायचा, मी म्हणायचो ‘पुन्हा’. ती परत फुंकायची. ‘पुन्हा.’ शेवटी ती वाद्य माझ्या मांडीवर ठेवून अंगणात पळायची, आणि तिची आई, होती तोवर, मला फैलावर घ्यायची. तेव्हापासून घरात तिचं नाव बेसुरी. तिला त्याचा राग नाही. आता ती मोठ्या इस्पितळात साथीच्या रोगांची डॉक्टर आहे, मंत्री लोक तिला फोन करून विचारतात, आणि दुकानाच्या काउंटरवर तिचा फोटो आहे. गिऱ्हाईकाने विचारलं नाही तरी मी सांगतो.

२

तो भोंगा आणणारा माणूस ओळखीचा नव्हता. सकाळी दुकान उघडून मी झाडत होतो, तर हा दारात उभा. भोंगा काउंटरवर ठेवला आणि पुन्हा उंबरठ्यापाशी मागे सरकला. कुठल्याशा बंद पडलेल्या बँडचा आहे, एवढंच म्हणाला. काय झालंय विचारलं तर म्हणाला, आत काहीतरी अडकलंय. घसा बसलेला होता त्याचा. नाव लिहून घ्यायला मी पेन शोधेपर्यंत तो गेलासुद्धा.

आत काही अडकलेलं नव्हतं. मी नळीनळीतून दोरा ओढला, पाणी सोडलं, दिवा लावून पाहिलं. बनवणाऱ्याचा शिक्का कुठे नव्हता, पण काम काय देखणं होतं. भोंग्याचं पितळ घासल्यावर त्यात मी मलाच दिसायला लागलो. माउथपीस पुसला, छाती भरली, हाक मारली.

दोन आखूड. एक लांब. मी थांबलो, ओठ बाजूला घेतले. आणि लांब सुराच्या शेवटी एक उचल आली. छोटीशी, वर जाणारी, आपण प्रश्न विचारताना आवाज जसा चढतो तशी. ती मी काढलेली नव्हती.

आता, असं होतं. भिंतीवर टांगलेली बाकीची वाद्यं आपल्या सुराने गुणगुणतात, हे या धंद्यात शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पण ती आपलाच सूर परत देतात, त्याच्या वरचा देत नाहीत. मी पुन्हा हाक मारली, पुन्हा उचल आली. मग मी मनाशी म्हटलं, नळीचा बाक वेगळा असेल, जुने कारागीर काय काय करून ठेवायचे. ओठ काढल्यावरही श्वास धरून ठेवणारं वाद्य आयुष्यात पहिल्यांदा पाहत होतो, आणि ते माझ्या हातून बरं झालं होतं. मला आनंदच झाला. माणूस परत आला नाही. भोंगा मी मधल्या खुंटीला टांगला आणि येईल त्याला दाखवू लागलो. नुसतं दाखवून माझं भागत नसे, मी वाजवूनही दाखवत असे.

३

अग्निशमन दलाच्या बँडात कॉर्नेट वाजवणारा एक जण माझा जुना दोस्त. त्याला मी बंबवाला म्हणतो. त्याच्या कॉर्नेटचा मधला दट्ट्या अडत होता, तो मी सुटा केला आणि त्याच्यासमोर हाक मारून वाद्य हातात दिलं.

“मास्तर, शेवटी हे नवीन काय लावलंत?” त्याने विचारलं.

मी म्हटलं, काही नवीन नाही, तीच हाक. त्याला ते पटेना. त्याने मला शीळ घालून दाखवली, दोन आखूड, एक लांब, आणि शेवटी ती उचल. मी हसण्यावारी नेलं. पण मनात पाल चुकचुकली, कारण कॉर्नेट वाजवताना उचल मला ऐकूच आली नव्हती. म्हणजे ती आता वाद्यातून येत नव्हती, मीच घेत होतो.

“आधी तुमची हाक नुसती हाक असायची,” बंबवाला म्हणाला. “आता कोणीतरी ओ द्यावी म्हणून थांबल्यासारखी वाटते.”

मग सगळे करतात तसं त्यानेही तिथल्या तिथे कॉर्नेट तोंडाला लावला आणि संचलनाची एक धून वाजवून पाहिली. पहिला सूर छान निघाला. मला अभिमान वाटला.

थोड्या दिवसांनी तो दुकानावरून जाता जाता आत डोकावला. काम नव्हतं, उगाच गप्पा मारायला आला होता. डोळे लाल होते. बोलता बोलता त्याला खोकला आला. खोक्, खोक्, खोऽऽक. आणि शेवटी श्वास आत ओढताना घशातून ती वर जाणारी उचल.

मी हसलो. खोटं कशाला बोलू, मला भारी गंमत वाटली. तुझा खोकलासुद्धा आमच्या तालात आहे, म्हटलं. त्यालाही हसू आलं, आणि हसता हसता पुन्हा तोच खोकला. तसाच. तितकाच लांब.

त्याच आठवड्यात शाळेच्या बँडच्या बाई ट्रम्पेटची पेटी विसरल्या होत्या ती न्यायला आल्या. त्या खोकल्या. मग हॉटेलातल्या वाद्यवृंदातला तो गोलमटोल माणूस आला, तो फुटपाथवरून दिसायच्या आधीच मला ऐकू आला. मी स्वतःला समजावलं, की ज्याचा कान सुरात मुरलाय त्याला घड्याळाची टिकटिकही गाण्यात बसलेली ऐकू येते. खोकला म्हणजे तरी काय, हवा आणि नळी. माणसाची नळी साधारण सारखीच असते. एवढं समजावून मी पुढच्या कामाला लागलो, माउथपीस पुसला आणि हाक मारली.

४

बेसुरी त्या दिवसांत घरी राहत नव्हती. इस्पितळाच्या क्वार्टरमध्येच झोपायची. शहरात काहीतरी नवं आलं होतं, त्याला अजून नावही नव्हतं, आणि आपल्या अंगावरून ते माझ्यापर्यंत येईल अशी तिला धास्ती होती. रविवारी दुपारी ती जेवायला आली तीही दारं-खिडक्या उघडायला लावून. टेबलाच्या पार पलीकडच्या टोकाला बसली. वाळली होती पोर. एक डोळा सारखा मनगटाने चोळत होती.

“काय गेलंय डोळ्यात?”

“काही नाही. पापणीचा केस असेल.”

लहानपणी तिच्या डोळ्यात काही गेलं की मी रुमालाचा बोळा करायचो, तोंडाजवळ धरून ऊन ऊन फुंकर घालायचो आणि डोळ्यावर दाबायचो. तसा मी रुमाल काढला. ती मागे सरली. “बाबा, लांब राहा. मी दिवसभर त्यांच्यातच असते.” मी म्हटलं, या छातीला आजवर काय झालंय ते आता होणार आहे, आणि शेजारी जाऊन बसलोच. मग तिनेही हट्ट सोडला. मी छाती भरून फुंकर घातली, ऊन रुमाल तिच्या डोळ्यावर दाबला, पुन्हा फुंकर घातली, पुन्हा दाबला. ती डोळे मिटून मुकाट बसून राहिली, पाचवीतल्या मुलीसारखी. त्या घटकेला मला फार बरं वाटलं. एवढी मोठी डॉक्टर, पण तिच्या डोळ्यावर अजून माझ्याच फुंकरीचा उतारा.

जेवताना ती कामाचं बोलली. आजारी पडलेले पहिले लोक एकमेकांना ओळखतसुद्धा नाहीत, म्हणाली. एक आग विझवणारा, एक शाळेतल्या बाई, एक हॉटेलात कामाला. घरं लांब लांब, पाणी वेगळं, बाजार वेगळा, कोणी प्रवास केलेला नाही. एकाकडून दुसऱ्याकडे जायला काहीतरी धागा पाहिजे, तो सापडेना. आणि आजार तर छातीत उतरतोय. बंबवाल्याला ऑक्सिजन लावला होता, हे मला तेव्हा कळलं. 

“खोकला फार चमत्कारिक आहे,” ती म्हणाली, आणि टेबलावर बोटाने ठोकून दाखवू लागली. तिने तीन सारखेच ठोके मारले.

“असा नाही,” मी म्हणालो. “तुझ्या हाताला ताल कधी होता? दोन आखूड, एक लांब. आणि शेवटी असं वर.” मी बोट वर उचललं.

तिचा घास हातातच राहिला. मी मात्र आपल्याच नादात होतो. सांगत सुटलो, की बंबवाल्याचा ऐकलाय मी, बाईंचाही, त्या गोलमटोलाचाही. माझीच गिऱ्हाइकं सगळी. ती ताट तसंच सोडून उठली, हात धुतले, आणि मास्क लावून जिन्यावरून खाली उतरली. दुकानाच्या बंद शटरसमोर ती बराच वेळ उभी होती, हे मी वरच्या खिडकीतून पाहिलं. मला वाटलं, इतक्या वर्षांनी का होईना, पोरीला दुकानाचं कौतुक वाटतंय.

५

ती गेल्यावर मी खाली आलो. रविवारचं दुकान आतून शांत असतं, आणि ती शांतता मला आवडते. मागच्या झडपेतून उन्हाचा पट्टा येतो तो बरोबर वाद्यांच्या भिंतीवर पडतो. सगळं पितळ पिवळं धमक दिसतं. तीन पिढ्यांची कमाई म्हणजे ही भिंत, असं मला दर रविवारी वाटतं.

मधल्या खुंटीवरच्या भोंग्यात मला माझं तोंड दिसत होतं. मग ते दिसेना. काचेवर कोणी ‘हाऽ’ करून श्वास सोडावा तसं पितळ धुरकटलं होतं. मी पुढे होईपर्यंत ते निवळलं. पुन्हा धुरकटलं. निवळलं. तिसऱ्यांदा धुरकटलं तेव्हा मात्र बराच वेळ तसंच राहिलं, आणि निवळता निवळता आतून एक बारीक श्वास ओढल्याचा आवाज झाला.

ऊन आहे, म्हटलं. कालच पाणी सोडलं होतं नळ्यांतून, ते तापलं असेल. पण पाणी मी काल सोडलं नव्हतं, ते कितीतरी आधी सोडलं होतं. खिशातला रुमाल काढून मी भोंग्याचं तोंड आतून पुसलं. पितळ माणसाच्या गालाइतकं कोमट होतं.

शेजारच्या खुंटीला शाळेचा दुसरा एक ट्रम्पेट होता. तोही धुरकटला. त्याच्या पलीकडे काय होतंय ते मी पाहिलं नाही. मी जमिनीकडे बघत जिन्यापर्यंत आलो आणि वर जाऊन रेडिओ मोठ्याने लावला.

६

दुसऱ्या दिवशी दुकान उघडताच बेसुरी आली. मास्क, हातमोजे, बरोबर तसेच झाकलेले दोघं जण. त्यांना तिने बाहेर थांबवलं आणि स्वतः काउंटरपाशी आली. तिच्याच फोटोसमोर उभी राहिली.

“बाबा, दुरुस्ती झाल्यावर प्रत्येक वाद्य तुम्ही तोंडाने वाजवून बघता.”

“मग? उगाच नाव आहे का?”

“आणि माउथपीस पुसता.”

“स्पिरिटने. लख्ख.”

“कधी? वाजवण्याआधी की नंतर?”

“आधी,” मी म्हणालो. “नंतर कशाला पुसायचं? नंतर ते स्वच्छच असतं.”

ती काउंटरसमोरच्या स्टुलावर बसली.  मग तिने मला समजावून सांगितलं, अगदी हळू, आजाऱ्याच्या नातेवाइकांना सांगतात तशा आवाजात. काही माणसांच्या छातीत रोग राहतो आणि त्यांना काहीच करत नाही. साधं पडसंसुद्धा होत नाही. पण त्यांचा श्वास ज्याच्यापर्यंत पोचतो तो आजारी पडतो. या शहरात जे पहिले आजारी पडले त्या सगळ्यांनी माझ्या हातून वाद्य घेतलं होतं आणि माझ्यासमोरच ते तोंडाला लावलं होतं. धागा सापडला होता.

मला काय वाटलं ते सांगतो. आधी तोंडात मारल्यासारखं झालं. बंबवाला डोळ्यासमोर आला. आणि त्याच्या मागोमाग, अगदी आपोआप, मनात आलं: शोधून काढलं कोणी? राजधानीच्या तज्ज्ञांना जमलं नाही ते माझ्या मुलीने काढलं. छाती भरून आली, आणि ती भरलेली छाती घेऊन काय करावं ते कळेना. तिच्या दिशेने श्वास जाऊ नये म्हणून मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो.

तेव्हा रविवारचा रुमाल आठवला. मी वळून तिच्याकडे पाहिलं. तिलाही आठवला होता, किंवा रात्रभर आठवतच होता. “माझं बघू नंतर,” ती म्हणाली. “आधी हे सगळं पिशव्यांत भरायचंय.”

७

इस्पितळात मला कोपऱ्यातली खोली दिली आहे. एका भिंतीला मोठी काच, काचेपलीकडे बोळ, आणि बोलायला भिंतीत बसवलेला स्पीकर. तपासणीत माझ्या छातीत ते सापडलं, भरपूर सापडलं. मी मात्र ठणठणीत. नर्स म्हणते, काका, तुमच्यासारखी फुप्फुसं आम्ही पाहिली नाहीत. पूर्वी हे ऐकून मी दोन दिवस हवेत राहिलो असतो.

भोंग्याचीही तपासणी झाली. त्यात काही मिळालं नाही. आतून इतका कोरडा आहे की कित्येक वर्षांत कोणी फुंकलाच नसावा, असा अहवाल आला म्हणे. त्याबद्दल बेसुरीने मला दोनदा विचारलं, मी दोन्ही वेळा सांगितलं, येईल त्याला मी तो वाजवून दाखवत होतो.

दुपारी जेवणानंतर बोळ निवांत असतो, तेव्हा ऐकू येतं. पलीकडच्या वॉर्डात कोणीतरी खोकतं. दोन आखूड, एक लांब, आणि उचल. मग त्याच्या पुढच्या खोलीत. मग त्याच्याही पुढच्या. कोणी कोणावर चढत नाही, एकाचं संपल्यावर दुसरा घेतो. मी बँडवाल्यांत जन्म काढला आहे. न शिकवता इतक्या माणसांना असं आपापल्या जागी येणं जमत नाही. बंबवाल्याची लय सगळ्यांत पक्की होती. गेल्या मंगळवारपासून त्याची जागा गप्प आहे. बाकीचे तेवढा वेळ थांबतात आणि मग पुढे जातात. त्या दिवशी मी उशीत तोंड खुपसून रडलो. नर्सला वाटलं, मला शेवटी खोकला आला.

उचल झाल्यावर जी शांतता पडते ती मला सोसत नाही. सगळे वाट बघत असल्यासारखे वाटतात. माझे ओठ आपोआप जुळतात, माउथपीसवर जुळतात तसे. मी ते हाताने दाबून धरतो.

आज बेसुरी काचेपाशी आली. डोळ्यांखाली काळं, पण ताठ उभी. दुकान बंद झाल्यापासून नवे रुग्ण कमी होत चालले आहेत, म्हणाली. ज्या घरांत वाद्यं गेली तिथून पुढे कोणाकोणाला आजार गेला ते सगळे सापडत आले, त्यांना वेगळं ठेवलंय. वेळेत आलेले वाचतील. तिने केलेल्या पद्धतीवरून दुसरी शहरंही काम करणार आहेत. मी काचेच्या अलीकडून तिला म्हटलं की तुझी आई असती तर आज तिने गल्लीभर सांगितलं असतं. ती हसली.

“तुझी तपासणी?” मी विचारलं.

“उद्या येईल. मला काही होत नाहीये, बाबा. आपल्या घराण्याची छाती.”

मला तेवढंच पाहिजे होतं. दुसरं काहीही नको होतं. मी देवाला इतकंच मागत होतो, की माझी मुलगी होती तशी राहू दे, बेसूर.

ती जायला वळली. दोन पावलं गेली, थांबली, कोपर तोंडाशी नेलं. स्पीकर चालूच होता.

दोन आखूड. एक लांब. आणि उचल.

जो सूर तिला कधी लागला नव्हता, मी मांडीवर घेऊन, ओरडून, लाडीगोडी लावून जो काढू शकलो नव्हतो, तो लागला होता. ना जरा वर, ना जरा खाली. वॉर्डात सगळे गप्प झाले. ती हळूहळू माझ्याकडे वळली. तिच्या डोळ्यांत भीती होती, लहान मुलीसारखी ती माझ्याकडे बघत होती, आणि मी काचेला दोन्ही हात टेकले. नको, नको, असं मला म्हणायचं होतं. पण छाती फुगून आली होती, माझी छाती, तीन पिढ्यांची, आणि ओठांनी माझं ऐकलं नाही.

“पुन्हा,” मी म्हणालो.